ऱ्हीसस माकड आणि टोपी माकड

ऱ्हीसस माकड (मकाका मुलाटा) आणि टोपी माकड (मकाका रेडिएटा) या मकाका प्रजातीतील दोन जवळच्या जाती आहेत. दोन्ही महाराष्ट्रात आढळतात. मराठीत ‘लाल तोंडाचे माकड’ हे एकच नाव दोहोंना सर्रास लावले जात असल्याने गफलत होते. काळ्या तोंडाचे वानर यांपासून वेगळे आहे. त्याला गालात अन्न साठविण्याच्या पिशव्या नसतात, या दोहोंना असतात.

ओळखीची खरी खूण म्हणजे शेपूट. टोपी माकडाची शेपूट डोके व धड यांच्या लांबीइतकी किंवा तिच्याहून लांब असते, तर ऱ्हीससची निम्म्याहून आखूड. टोपी माकडाच्या डोक्यावरचे केस मध्यभागातून चहूकडे पसरून टोपीसारखे दिसतात. ऱ्हीससच्या डोक्यावर असा भोवरा नसतो. त्याची कंबर व मांड्या नारिंगी-तांबूस असतात. केवळ तोंडाच्या रंगावर विसंबू नये, कारण टोपी माकडाच्या माद्यांचे तोंडही तांबूस दिसू शकते.

ऱ्हीसस अफगाणिस्तानापासून चीनपर्यंत पसरलेले आहे. टोपी माकड फक्त दक्षिण भारतात आढळते. दोहोंमधील सीमा स्थूलमानाने तापी व गोदावरी या नद्यांची मानली जाते. भंडारा जिल्हा गोदावरीच्या उत्तरेस, वैनगंगेच्या खोऱ्यात असल्याने तेथील लाल तोंडाचे माकड ऱ्हीसस होय. सह्याद्रीच्या घाटांत दिसते ते टोपी माकड.

१९४० मध्ये लँडस्टायनर व वीनर यांनी शोधलेल्या रक्तघटकास ‘आर-एच’ हे नाव ऱ्हीससवरूनच मिळाले. प्रयोगशाळांसाठी होणारी त्याची निर्यात भारताने १९७८ मध्ये बंद केली.

दोन्ही जातींत माद्या जन्मकळपातच राहतात व नर वयात आल्यावर कळप सोडतात. टोपी माकडांचे नर मात्र एकमेकांशी अधिक सलोख्याने वागतात. ऱ्हीसस तुलनेने आक्रमक असते. हा स्वभावभेद आता महत्त्वाचा ठरला आहे. ऱ्हीसस दक्षिणेकडे सरकत असून सीमावर्ती भागात मिश्र कळपही नोंदले गेले आहेत. शेताची नासधूस करणारी माकडे पकडून दूर सोडण्याच्या प्रथेनेही हा प्रसार वाढतो. जात न ओळखता सोडलेला ऱ्हीससचा कळप टोपी माकडांच्या प्रदेशात पोहोचू शकतो. आंतरराष्ट्रीय निसर्ग संवर्धन संघाच्या यादीत टोपी माकड ‘असुरक्षित’, तर ऱ्हीसस ‘किमान चिंतेची जाती’ म्हणून नोंदलेले आहे.