काळा धूर म्हणजे पंपच गेला असं नव्हे

भाजीपाल्याचा हंगाम आला की गावोगावचे पिकअप रात्री दहा-अकरालाच भरून निघतात, पहाटेच्या आत पुण्याच्या मार्केट यार्डात पोचायचं म्हणून. माल चांगला, भाव बरा, आणि गाडीच वाटेत दम टाकते. मग भाड्यात मिळवलेलं डिझेलात जातं. हे सध्या आपल्याकडे बऱ्याच जणांचं दुखणं आहे.

मागच्या उन्हाळ्यात खंडाळा तालुक्यात एका टोमॅटोच्या प्लॉटवर गेलो होतो. मी पानावरचे ठिपके बघतोय, तर शेतकरी म्हणाले, "साहेब, औषधाचं राहू द्या, आधी ह्या गाडीचं सांगा." गाडी २००८ सालची, डिझेलची, जुन्या पद्धतीच्या साध्या पंपाची. शिंदेवाडी सोडून कात्रजच्या चढाला लागली की मागे काळा धूर. पूर्वी लिटरला बारा किलोमीटर द्यायची, आता नऊसुद्धा नाही. उभी असली की थरथरते, लंगडी चालते. एका मेस्त्रीनं ताकद यावी म्हणून पंपाचा डिझेलचा स्क्रू पिळून दिला. ताकद आली नाही, धूर मात्र दुप्पट झाला. दुसऱ्यानं पंप खोलायचे वीस हजार सांगितले. तोडा सुरू होता, आणि घरात तेवढेच पैसे होते.

खरं तर हा विषय आमच्या खात्याचा नाही. पण पदविकेला शेती यंत्रांचा तास होता, आणि लहानपणी ओढ्यावरच्या डिझेल इंजिनाचं हॅन्डल मारून हात दुखवून घेतलेले आहेत. म्हणून म्हटलं, "अण्णा, पंपाला हात लावू नका. आधी हवा बघू."

हवा का? एक लिटर डिझेल पुरतं जळायला कमीत कमी १० हजार लिटर हवा लागते. म्हणजे दोनशे लिटरची पन्नास पिपं भरून हवा, एका लिटरला! प्रत्यक्षात इंजिनला त्याहूनही जास्त लागते. एवढी हवा मिळाली नाही की डिझेल अर्धंकच्चं जळतं आणि त्याची काजळी सायलेन्सरमधून बाहेर पडते. तोच काळा धूर. अशा वेळी स्क्रू पिळून डिझेल वाढवणं म्हणजे चुलीत वारा लागत नसताना आणखी ओली लाकडं कोंबणं. वर इंजिन जास्त तापतं, पिस्टनला धोका होतो तो वेगळाच.

धुराचा रंग ओळखायला शिकावं. काळा असेल तर डिझेल जास्त किंवा हवा कमी. निळसर असेल तर इंजिन ऑइल जळतंय, म्हणजे रिंगा किंवा वॉल्वचे सील झिजलेत. पांढरा धूर थंड इंजिनला सुरुवातीला थोडा येतो, त्याचं काही नाही. पण गरम झाल्यावरही येत राहिला आणि रेडिएटरचं पाणी कमी होत असेल, तर हेड गॅस्केटकडे बघावं लागेल.

अण्णांच्या गाडीचं एअर फिल्टर काढलं. कागद मातीनं इतका भरलेला की उन्हात धरला तरी पलीकडचं काही दिसेना. फिल्टर काढून, गाडी जागेवर उभी ठेवून, अर्धा मिनिट रेस दिली. धूर बराच कमी झाला. ही चाचणी कुणालाही करता येते. मात्र धूळ नसलेल्या जागी करावी, गाडी उभीच असावी, आणि त्या अवस्थेत ती रस्त्यावर नेऊ नये. बंद शेडमध्ये तर मुळीच करू नये. डिझेलचा धूर माणसाला कर्करोग करणारा आहे, असं जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेनं २०१२ साली जाहीर केलेलं आहे.

फिल्टर झटकताना कॉम्प्रेसरची हवा आतून बाहेर मारावी, तीही हळू. आपल्याकडे पंक्चरवाल्याकडे जाऊन बाहेरून पूर्ण दाबानं मारतात. त्यानं माती कागदात आणखी घुसते, नाहीतर कागद फाटतो. अण्णांचा एका कडेला फाटलेलाच होता. बाकीचा चोंदलेला आणि तेवढ्या फटीतून धूळ थेट इंजिनात! कागदी फिल्टर पाण्यानं किंवा पेट्रोलनं धुऊ नये. जुन्या जीपला किंवा ट्रॅक्टरला ऑइलचं एअर क्लीनर असेल, तर खालच्या वाटीतला गाळ काढून खुणेपर्यंतच नवं ऑइल भरावं. रबरी होज चिमटून पाहावा. जुना झालेला होज रेस दिली की आत ओढला जाऊन चपटा होतो. गाडी बरेच दिवस उभी असेल, तर नळीत उंदरांनी चिंध्या भरलेल्याही निघतात.

फिल्टर बदलला, पण थरथर गेली नाही. तेव्हा ऑइलची पट्टी काढली. ऑइल खुणेच्या वर आलेलं. अण्णा म्हणाले, "बघा, ऑइल तर खात नाही गाडी." मंडळी, ऑइल आपोआप वाढलं म्हणून खूश होऊ नका! पट्टीचा वास घेतला, तर डिझेलचा. म्हणजे कुठलं तरी नोझल टपकत होतं आणि न जळलेलं डिझेल खाली ऑइलमध्ये उतरत होतं. पातळ झालेल्या ऑइलवर चालवलं की बेअरिंग आणि लायनर झिजतात.

नोझलचं काम तुम्हाला मी वेगळं सांगायला नको. पाठीवरच्या फवारणी पंपाचं नोझल झिजलं की धुक्याऐवजी थेंब पडतात, तसंच हे. धुकं झालं तर डिझेल जळतं, थेंब पडला तर काजळी होते. कुठलं नोझल खराब आहे हे ओळखायला मेस्त्री इंजिन संथ चालू ठेवून एकेका नोझलची नळी पान्यानं किंचित ढिली करतो. इंजिनचा आवाज पडला तर तो सिलिंडर कामाचा. आवाज बदललाच नाही, तर तिथं गडबड. अण्णांच्या गाडीत तिसऱ्याची नळी ढिली केल्यावर आवाज तोच राहिला आणि धूर कमी झाला. मग तिसऱ्याचं नोझल दुसऱ्यावर आणि दुसऱ्याचं तिसऱ्यावर लावून पाहिलं. खोट नोझलबरोबर दुसऱ्यावर गेली. ती तिसऱ्यावरच राहिली असती, तर टॅपेट किंवा कॉम्प्रेशन बघावं लागलं असतं.

इथं एक गोष्ट पक्की लक्षात ठेवा. हे काम जाणत्या मेस्त्रीकडूनच करून घ्यावं, वर कापड धरावं, तोंड लांब ठेवावं. दाबानं निघालेली डिझेलची बारीक धार कातडीत शिरते. जखम टाचणीएवढी दिसते, पण बोट गमवावं लागतं. तसं झालं तर घरगुती उपचार न करता थेट दवाखाना गाठावा. आणि ज्या गाडीच्या प्रत्येक नोझलला विजेची वायर गेलेली आहे, म्हणजे कॉमन रेलची गाडी, तिथं चालू इंजिनवर नळी अजिबात ढिली करायची नाही. तिथला दाब कितीतरी पट जास्त असतो. त्या गाड्या स्कॅनर असलेल्या ठिकाणीच दाखवाव्यात.

पंप शेवटी. त्याचं सील तुटलेलं असेल तर कुणीतरी स्क्रूशी खेळलेलं आहे असं समजावं आणि पंपाच्या वर्कशॉपमध्ये मशीनवर लावून कंपनीच्या मापाला आणून घ्यावं. त्याआधी चाकं हात लावून बघा. एखादं जास्त गरम लागत असेल तर ब्रेक चिकटतोय. इंजिन बिचारं ब्रेक ओढतंय आणि आपण पंपाला दोष देतोय.

ग्रामपंचायतीकडे घंटागाडी किंवा टँकर असेल, तर ग्रामसेवकांनी आणि सरपंचांनी लॉगबुकातले किलोमीटर आणि डिझेल दर महिन्याला ताडून बघावेत. धूर डोळ्याला दिसण्याआधी वहीत दिसतो. पीयूसीच्या चाचणीलाही बीएस-४ च्या आधीच्या डिझेल गाड्यांना ६५ हार्ट्रिज युनिटांची मर्यादा आहे. दाखला नुसता खिशात न ठेवता त्यावरचा आकडा वाचावा. मागच्या वेळेपेक्षा चढला असेल तर आधी फिल्टर उघडावा.

अण्णांचं काम फिल्टर, एक नवं नोझल, बाकीच्या तीन नोझलची दाब-तपासणी, पंपाचा स्क्रू पुन्हा मापावर आणि नवं इंजिन ऑइल असं सगळं मिळून सहा हजारांच्या आत झालं. गाडी आता लिटरला साडेअकरा देते. ऑइल बदलायला मात्र ते तयार नव्हते, "तीन महिन्यांपूर्वीच टाकलंय" म्हणत होते. पट्टी नाकाशी धरल्यावर कबूल झाले. फाटक्या फिल्टरमधून गेलेल्या धुळीनं रिंगा थोड्या झिजल्या आहेतच, कारण सकाळी चालू करताना निळसर धूर अजून येतो. ते काम तोडा संपल्यावर काढू, असं ठरलं आहे.