खिशातला चाकू : दिखाऊ नको, कामाचा हवा

सकाळी फळबाजारात चक्कर मारली तर बागवान मंडळींच्या हातात एक वस्तू हमखास दिसते, ती म्हणजे घडीचा चाकू. खोक्याची सुतळी तोडायची, गिऱ्हाइकाला कलिंगड कापून दाखवायचे, गोणीचे तोंड उघडायचे, सगळे त्याच्यावरच. भिवंडी-मालेगावचा विणकर त्याने गुंतलेला धागा कापतो, नदाफ गादीची शिवण उसवतो, वायरमन वायर सोलतो, कापड व्यापारी गठ्ठ्याची पट्टी तोडतो. दिवसातून वीस-पंचवीस वेळा लागणारी ही वस्तू. पण ती विकत घेताना आपण दोन मिनिटेही विचार करीत नाही. चकचकीत दिसला, भाव पटला, खिशात टाकला!

आम्हीही हेच केले होते. काही वर्षांपूर्वी एका स्टेशनबाहेरच्या पदपथावरून असाच एक सुंदर चाकू घेतला. दुसऱ्याच आठवड्यात कागदाच्या गठ्ठ्याची प्लास्टिक पट्टी तोडताना टोक आत घालून दाब दिला, तोच पाते उलटे फिरले आणि तर्जनीवर मिटले. तीन टाके पडले. आठ दिवस लेखणी धरता आली नाही. आमचे ठीक आहे; पण शिंपी, सोनार किंवा विणकर यांचे बोट कामातून गेले तर? कारागिराचे खरे भांडवल त्याचा हात आहे. म्हणून स्वस्तातला चाकू जरूर घ्यावा, पण पारखून घ्यावा.

आधी सांधा पाहा

पाते जेथे मुठीला जोडलेले असते तो सांधा म्हणजे चाकूचा जीव. चाकू उघडून पात्याची पाठ चिमटीत धरावी आणि डावी-उजवीकडे हलवून पाहावे. लटपटत असेल तर तो तेथेच ठेवावा. रिव्हेट कालांतराने सैल होतेच. नव्या मालातच सैल असेल तर पुढे काय होणार? मिटल्यावर पाते मुठीच्या बरोबर मध्ये बसते की एका बाजूला घासते, हेही पाहावे.

घडीचे चाकू मुख्यतः दोन प्रकारचे. एकात फक्त पाठीच्या स्प्रिंगचा दाब पाते धरून ठेवतो. त्याला कुलूप नसते. फळे, सुतळी, कागद यांसाठी तो पुरेसा आहे, मात्र टोकाने भोसकण्याचे काम त्याच्याकडून घेऊ नये. दुसऱ्यात पाते उघडले की लॉक बसते. गठ्ठे, पुठ्ठे, जाड पट्ट्या कापणाऱ्यांनी हाच घ्यावा. लॉक तपासण्यासाठी चाकू पूर्ण उघडा, बोटे पात्याच्या वाटेतून दूर ठेवा आणि पात्याची पाठ लाकडी फळीवर हलकेच दाबा. लॉक सरकले तर तो चाकू फुकट मिळाला तरी नको. कारण ज्या लॉकवर आपण विसंबतो आणि जे ऐनवेळी सुटते, ते लॉक नसण्यापेक्षा वाईट.

पोलादाची परीक्षा

पात्यावर 'स्टेनलेस' एवढेच लिहिलेले असते. त्यावरून फारसे काही कळत नाही. ताटे-वाट्या ज्या ३०४ जातीच्या स्टीलच्या बनतात, तेही स्टेनलेसच. पण त्याला पाणी देऊन कडक करता येत नाही. त्याचे पाते केले तर धार दोन दिवसही टिकणार नाही. यासाठी सोपा उपाय म्हणजे खिशात लहान लोहचुंबक न्यावा. पात्याला तो चिकटला नाही, तर ते भांड्यांचे स्टील समजावे आणि चाकू परत द्यावा. चिकटला म्हणजे माल उत्तमच, असे मात्र नाही. चिकटणाऱ्या जातींतही मऊ स्टील असते. चुंबक वाईट माल ओळखून देतो, चांगल्याची हमी देत नाही.

स्वस्त चाकूंवर पुष्कळदा '४२०' हा आकडा असतो. आपल्याकडे या आकड्याची ख्याती निराळी असली तरी येथे ते पोलादाच्या जातीचे नाव आहे, फसवणुकीचे नव्हे! या पोलादात क्रोमियम १२ ते १४ टक्के असल्याने ते सहसा गंजत नाही. कार्बन कमी असल्याने धार लवकर जाते, पण लवकर लावताही येते. '४४०-सी' जातीत कार्बन सुमारे एक टक्का असतो, म्हणून धार जास्त टिकते. अर्थात किंमतही चढते. मात्र आकडा कोरणे सोपे असते, पाणी नीट देणे कठीण. त्यामुळे आकड्यापेक्षा कापून पाहण्यावर भर द्यावा.

साधे कार्बन पोलाद धारेला सरस, पण पाण्याला भिते. रत्नागिरी-रायगडच्या खाऱ्या दमट हवेत ते पाहता पाहता गंजते. आंबा, लिंबू, डाळिंब कापल्यावर काळे पडते. कोकणातील व्यापाऱ्यांनी आणि फळवाल्यांनी स्टेनलेसच घ्यावे. जो रोज पुसून तेलाचा हात फिरवील, त्याने कार्बन पोलाद घ्यायला हरकत नाही.

साधेपणा हीच खूण

जगात जे घडीचे चाकू पिढ्यान् पिढ्या टिकले, ते साधे आहेत. फ्रान्समधील साव्हा प्रांतात जोसेफ ओपिनेल यांनी १८९० मध्ये शेतकरी-मजुरांसाठी लाकडी मुठीचा चाकू काढला. १९५५ मध्ये त्याला पाते रोखणारे फिरते कडे बसवले, आणि आजही तो जवळजवळ तसाच निघतो. स्वित्झर्लंडच्या कार्ल एल्सनर यांनी १८८४ मध्ये कारखाना घातला. त्यांचा १८९७ चा बहुपाती चाकू पुढे जगभर गेला. हे परदेशी चाकू आपल्याकडे महाग पडतात, ते घ्याच असा आमचा आग्रह नाही. त्यांच्याकडून धडा घ्यावा. मूठ हातात भरणारी, पाते पातळ, नखाने उघडायची खाच स्वच्छ, आणि बिघडायला फार काही नाही. दहा अवजारे एकाच मुठीत कोंबलेला स्वस्त चाकू घेतला तर दहाही अवजारे कच्ची निघतात. पैसे पाते आणि सांध्याचे द्यावेत. रंगाचे आणि नक्षीचे नव्हे.

कायद्याचे भान

ही बाब सर्वांत महत्त्वाची. शस्त्र नियमांत ९ इंचांहून लांब किंवा २ इंचांहून रुंद पात्याची हत्यारे मोडतात. घरगुती, शेती वा उद्योगाच्या कामासाठी बनवलेली त्यातून वगळली आहेत. खिशातला चाकू या मापाच्या पुष्कळ आत असतो. पण एवढ्यावर निर्धास्त राहू नये. महाराष्ट्र पोलीस अधिनियम १९५१ च्या कलम ३७ खाली पोलीस आयुक्त वा जिल्हा दंडाधिकारी मनाई आदेश काढतात, त्यात चाकू आणि लाठीही येते. सण, मिरवणुका, निवडणुका, तणावाचे दिवस या काळात चाकू दुकानातच ठेवावा.

खरेदीसाठी दिल्लीला जाणाऱ्यांनी आणखी जपावे. तेथे १९८० च्या अधिसूचनेने बटणाने, स्प्रिंगने किंवा गरारीने उघडणाऱ्या, ७.६२ सेंटिमीटर व त्याहून लांब आणि १.७२ सेंटिमीटर व त्याहून रुंद पात्याच्या चाकूंवर निर्बंध आणले. ७.६२ सेंटिमीटर म्हणजे बरोबर ३ इंच. म्हणून आमचा सल्ला असा की पाते ३ इंचांच्या आतले घ्यावे आणि बटण दाबताच उसळणारा चाकू घेऊच नये. विमानात तर हातातल्या पिशवीत कोणताच चाकू चालत नाही; तो आधीच सामानात टाकावा.

येथे रामपुरीची आठवण होते. उत्तर प्रदेशातील रामपूरच्या मुस्लिम कारागिरांचा हा हुनर. हिंदी चित्रपटांनी तो गुंडांच्या हाती दिला आणि कारागिरांच्या वाट्याला बदनामी आली. मार्च २०२३ मध्ये त्याच शहरात सुमारे २० फुटी चाकू एका चौकात मानाने उभारला गेला. कारागिरी म्हणून रामपुरीचा मान आहेच. पण रोजच्या कामाला लांब पात्याचा, कटकट आवाज करीत उघडणारा चाकू कशाला? झडतीच्या वेळी समोरच्याला आपले मन दिसत नाही, हातातली वस्तू दिसते. ती पाहताक्षणी अवजार वाटली पाहिजे. चाकू पट्टीटेप, मोजपट्टी, पावतीपुस्तक यांच्यासोबत कामाच्या पिशवीत असला तर त्याचे काम वेगळे सांगावे लागत नाही.

निगा राखावी

धार गेली की फिरत्या चाकावर घासून आणण्याची आपल्याला सवय आहे. चाकावर पाते तापून निळे पडले की त्याचे पाणी उतरले समजा. मग कितीही घासा, धार टिकणार नाही. त्यापेक्षा हार्डवेअरच्या दुकानातून जाड-बारीक अशा दोन बाजूंचा कार्बोरंडमचा दगड आणावा. पाते दगडावर काटकोनात उभे धरा, निम्मे झुकवा, पुन्हा निम्मे झुकवा. जो कोन होतो तो धारेला योग्य. दोन्ही बाजू सारख्याच वेळा घासाव्यात. पाते उजेडात धरून पाहा; धारेच्या रेषेवर पांढरी चमक दिसली तर तेथे ती अजून बोथट आहे. बोथट चाकूला जोर लावावा लागतो, आणि जोर लावला की हात घसरतो.

सांध्यातला कचरा काडीने काढून तेलाचा एक थेंब सोडावा. गोणी-पट्ट्या कापण्याचा चाकू फळे कापायला वापरू नये. दुसऱ्याच्या हाती देताना मिटूनच द्यावा.

हिशेब अगदी सोपा आहे. पाचशे रुपयांचा चाकू पाच वर्षे चालला तर वर्षाला शंभर रुपये पडतात. शंभराचा चाकू दोन महिन्यांत फेकला तर वर्षाला सहाशे, आणि टाके पडले तर डॉक्टरची फी आणि बुडालेली मजुरी वेगळीच.