चित्रफितीचा प्रेक्षक कोठें उठून जातो?

कीर्तनकारास एक सोय असते. मंडपांतील मागची रांग चुळबुळूं लागली कीं ती त्यास समोरच दिसते, आणि निरूपण आवरतें घेऊन तो कथेस हात घालतो. रेडिओवर बोलणाऱ्यास ही सोय नाहीं. म्हणूनच १९३६ सालीं बी. बी. सी.नें श्रोत्यांच्या पाहणीचें काम स्वतंत्रपणें हातीं घेतलें. यूट्यूबवर चित्रफीत घालणारा माणूस मात्र या बाबतींत कीर्तनकाराहूनही भाग्यवान म्हणावा लागेल. फितीच्या कोणत्या क्षणीं किती प्रेक्षक उठून गेले, याचा हिशेब ‘ॲनालिटिक्स’ या नांवाच्या तक्त्यांत त्याच्यापुढें मांडलेला असतो. तो वाचावयाचा कसा, हें मात्र फारच थोड्यांस ठाऊक असतें.

बीडहून धाराशिवकडे जाणाऱ्या हमरस्त्यावर चौसाळा हें गांव आहे. तेथील एका तरुण शेतकऱ्यानें घरच्या सोयाबीन बियाण्याची उगवणशक्ति कशी तपासावी, यावर आठ मिनिटांची चित्रफीत केली, अशी कल्पना करावी. ती ४०० वेळां पाहिली गेली. घरची मंडळी हरखून गेली. पण हा आकडा दुकानांत डोकावून गेलेल्या माणसांच्या मोजदादीसारखा आहे. आंत थांबलें कोण, हें तो सांगत नाहीं. यूट्यूबच्या चालकांनीं हें २०१२ सालींच ओळखलें आणि शिफारस करतांना पाहण्यांच्या संख्येपेक्षां पाहण्यांत घालविलेल्या वेळास अधिक वजन देण्यास आरंभ केला. ‘शॉर्ट्स’ या आंखूड फितींच्या बाबतींत तर ३१ मार्च २०२५ पासून फीत सुरूं होतांच एक पाहणें जमा होतें. बोटानें ती लगेच सरकवून दिली तरी तें खात्यांतून वजा होत नाहीं.

तेव्हां खरा पाहावयाचा तो आलेख. डावीकडे १०० प्रेक्षक, उजवीकडे फितीचा शेवट, आणि मध्यें उतरत जाणारी रेघ. या कल्पित फितीची रेघ पहिल्या अर्ध्या मिनिटांतच ५५ वर आली. कारण उघड आहे. आरंभीं गीत, मग आकाशांतून टिपलेलें गांव, मग सर्वांस रामराम! सोयाबीनचा दाणा अद्याप दिसलेलाच नाहीं. पुढें रेघ सावकाश उतरते आणि चवथ्या मिनिटास तिला एक उंचवटा येतो. तेथें १०० दाणे मोजून ओल्या गोणपाटांत गुंडाळण्याची रीत सांगितली आहे. लोकांनीं फीत मागें घेऊन तो भाग पुन्हां पाहिला. उंचवटा नेहमींच स्तुतीचा असतो असें नाहीं. कित्येकदां बोलणें घाईचें झाल्याची ती तक्रार असते.

सहाव्या मिनिटास रेघ १८ वर आली, आणि येथेंच खरें नुकसान झालें. १०० पैकीं ७० किंवा अधिक दाणे उगवले तर एकरीं ३० किलो बियाणें पुरे. ६५च उगवले तर सुमारें साडेबत्तीस किलो घ्यावें, हा हिशेब फितींत सहाव्या मिनिटानंतर आला आहे. म्हणजे ८२ माणसें निकाल हलका लागल्यास काय करावें, हें न ऐकतांच उठून गेलीं. विरळ उगवण आणि दुबार पेरणी यांचा खर्च ज्यानें सोसला आहे, त्यास हा आलेख निव्वळ करमणुकीचा वाटणार नाहीं.

उपाय सोपा आहे. कोंब आलेलें गोणपाट पहिल्याच क्षणीं दाखवावें, ७०चा आकडा पहिल्या मिनिटांत सांगावा, गीत गाळावें. मात्र एका फितींत एकच फेरफार करावा. गीत, मथळा व चित्र एकदम बदललीं तर गुण कशाचा आला तें कळत नाहीं. नवी फीत जुन्याशीं ताडतांना दोहोंचे पहिले सात दिवसच घ्यावेत, आणि जूनमधील पेरणीची फीत दिवाळीतल्या फितीशीं ताडूं नये. एवढें करूनही रेघ ‘कोठें’ तेवढें सांगते; ‘कां’ हें बाजारांत भेटलेल्या पांच माणसांसच विचारावें लागतें.

मुखचित्र दिसल्यावर शेंकडा किती जणांनीं फीत उघडली, हाही एक आकडा तक्त्यांत असतो. निम्म्या फितींच्या बाबतींत तो २ ते १० टक्क्यांच्या दरम्यान असतो, असें यूट्यूबच सांगतें. ‘एकरीं ४० क्विंटल’ असा मथळा दिल्यास तो वाढेलही, पण दहाव्या सेकंदास रेघ कोसळेल. शिवाय व्हॉट्सॲपवरून आलेला प्रेक्षक या शेंकडेवारींत धरलेला नसतो, आणि खेड्यांतील फीत तर पुष्कळदां तेथूनच हातोहात जाते. ती वाट ‘बाहेरून आलेले’ या सदरांत निराळी पाहावी लागते.

भूगोलाचा तक्ता बीडकरानें विशेष जपून वाचावा. दिवाळीनंतर कोल्हापूर, सांगली, बेळगांव इकडील प्रेक्षक वाढलेले दिसले, तर नवा मुलूख जिंकला असें मानण्याची घाई करूं नये. जिल्ह्यांतील असंख्य कुटुंबें त्या दिवसांत ऊसतोडीस त्याच भागांत गेलेलीं असतात, आणि फडावरून परतल्यावर रात्रीं कोपीवर मोबाईल उघडणारा माणूस आपल्याच शिवेवरचा असूं शकतो. तीं माणसें गांवीं परततात तीं उन्हाळ्यांत, पेरणीच्या तोंडावर. बियाणें तपासण्यास आठवडाभर लागतो. म्हणून ही फीत मृगाची वाट न पाहतां मे महिन्याच्या आरंभींच घालावी, आणि तीही रात्रीं जेवणें झाल्यावरच्या वेळेस.