चिडकी, हट्टी... आणि तरीही नायिका!

घरात तेरा-चौदा वर्षांची मुलगी असली, की आईच्या जिवाला चैन नसतं, हे तुम्हांला वेगळं सांगायला नकोच. आरशासमोर उभं राहून रडायचं, काही विचारलं की फणकारायचं, वर शाळेतून तक्रारी आणायच्या! अशा मुलीच्या हाती वाचायला काय द्यावं? एक पुस्तक सुचवते. मात्र त्याच्या वाचकांत साठ वर्षांहून अधिक काळ दोन तट पडलेले आहेत. तेव्हा दोन्हीकडचं ऐकून घ्या आणि मगच ठरवा.

पुस्तक आहे अमेरिकेतल्या मॅडेलिन लेंगल या लेखिकेचं, 'अ रिंकल इन टाइम', म्हणजे काळाला पडलेली सुरकुती. १९६२ साली ते प्रसिद्ध झालं आणि १९६३ साली त्याला तिथल्या बालसाहित्यातलं मानाचं न्यूबेरी पदक मिळालं.

त्यातली मेग मरी अगदी आपल्या घरातली वाटावी अशी. डोळ्यांना चष्मा, दातांना तारा, केस काही केल्या बसत नाहीत. गणितात हुशार, पण शाळेच्या पद्धतीनं गणित सोडवणार नाही, म्हणून बाईंची बोलणी खाते. वडील शास्त्रज्ञ. सरकारच्या गुप्त कामावर गेले ते गेलेच, वर्षभर पत्र नाही. मग गाव काय म्हणणार? 'गेला असेल कुणाचा तरी हात धरून!' ही कुजबुज मेगच्या जिवाला लागते.

पुढे तीन अजब बायका येतात. मेग, तिचा पाच वर्षांचा भाऊ चार्ल्स वॉलेस आणि कॅल्व्हिन नावाचा मुलगा यांना घेऊन त्या वडिलांच्या शोधात परग्रहांवर जातात. इतक्या दूर क्षणात जायचं कसं? साडीच्या एका काठापासून दुसऱ्या काठापर्यंत मुंगी चालत निघाली, तर तिला किती वेळ लागेल! पण तुम्ही घडी घालून दोन्ही काठ जुळवलेत, तर तिला एकच पाऊल टाकावं लागेल. पुस्तकातही झग्याचं कापड धरून हेच समजावलंय. विज्ञानाची धास्ती घेणाऱ्या मुलीलाही हे पटकन कळतं.

आता वाचकांची मतं. पहिली तक्रार मेगबद्दलच. कित्येकांना ती भारी किरकिरी वाटते. सारखी रडते, रागावते, धीर म्हणून नाही. तिच्या बाजूनं बोलणाऱ्या म्हणतात, अहो, म्हणूनच तर ती खरी! त्या काळी अशा साहसकथा बहुतेक मुलग्यांच्या असत, मुलगी असलीच तर मागून येणारी. इथे मुलगीच पुढे, तीही सुंदर नाही, शहाणी नाही. मोहिमेवर निघताना त्या तिघींपैकी एक मेगला भेट म्हणून काय देते? तिचे दोषच! आणि पुढे कठीण वेळ येते तेव्हा तिचा हट्ट, तिचा संतापच तिला तारतो.

दुसरा वाद मेगच्या आईवरून. या बाई शास्त्रज्ञ, घराला लागूनच त्यांची प्रयोगशाळा. प्रयोग अर्धवट टाकून उठवत नाही, म्हणून तिथल्याच बर्नरवर रात्रीच्या जेवणाचा स्ट्यू शिजत ठेवतात! कितीतरी वाचक बायकांच्या हे कायमचं लक्षात राहिलंय. पण काहीजणी विचारतात, एवढी विद्वान बाई, आणि मुलं तिकडे जिवावर उदार झालेली असताना ती घरी वाट बघत बसते, हे कसं?

तिसरा वाद धर्माचा. अंधाराशी झुंजणाऱ्या थोरांची एक यादी पुस्तकात येते. तिच्यात येशूबरोबर बुद्ध, आइन्स्टाइन, मादाम क्यूरी आणि आपले गांधीजीही आहेत. काही ख्रिस्ती पालकांना हे रुचलं नाही, उलट इतरांना पुस्तक फारच ख्रिस्ती वाटलं. वाचनालयांतून काढून टाका, अशा तक्रारी आल्या.

शेवट घाईत उरकलाय, प्रेमानं सगळं जिंकलं हे फार सोपं झालं, असंही म्हणतात. घाईचं मला पटतं, सोपेपणाचं मात्र नाही. मेगला वाटत असतं, बाबा सापडले की सगळं ठीक होईल. बाबा सापडतात, पण तेही हतबल! शत्रूच्या तावडीतल्या भावासाठी तिला एकटीलाच परत जावं लागतं. शत्रूवर प्रेम करणं तिला जमत नाही, ती फक्त आपल्या भावावर करते. आपला बाप सर्वशक्तिमान नाही हे कळणं, आणि तरी त्याच्यावर माया ठेवणं, याला सोपं कसं म्हणायचं?

आणि शत्रूचं राज्य कसलं, ठाऊक आहे? सगळी घरं एकसारखी, सगळी मुलं एकाच ठेक्यात चेंडू आपटणारी, सगळ्या आया एकाच क्षणी दार उघडणाऱ्या. एका मुलाचा चेंडू हातातून निसटतो आणि त्याची आई भीतीनं पांढरीफटक पडते. हे वाचताना माझ्या मनात आलं, 'शेजारच्या मुलीकडे बघ जरा' असं आपण दिवसातून किती वेळा म्हणतो?

लेंगलबाईंची स्वतःचीही कथा ऐकण्यासारखी आहे. १९५८ साली, त्यांच्या चाळिसाव्या वाढदिवशीच, एक हस्तलिखित नाकारून परत आलं. घर झाडण्यापुसण्यात आपण कच्च्या, लिहिण्यातूनही पैसा नाही, या अपराधी भावनेनं त्यांनी टाइपरायटरवर झाकण घातलं आणि लेखन सोडायचं ठरवलं. खोलीत रडत फेऱ्या मारताना त्यांच्या ध्यानात आलं, की मन तर अपयशावरच्या कादंबरीची जुळणी करतंय! झाकण पुन्हा निघालं. त्यानंतर लिहिलेलं हे पुस्तकही पंचवीसहून अधिक वेळा नाकारलं गेलं.

तर मैत्रिणींनो, मुलगी इंग्रजी वाचत असेल तर पुस्तक तिच्या हाती द्या. नसेल, तर स्वतः वाचून रात्री जेवणं उरकल्यावर मराठीत सांगा. बाराच प्रकरणं आहेत, म्हणजे बारा रात्री. भाग भीतीचे आहेत, तेव्हा अगदी लहानांना थांबू द्या. संपल्यावर बोधबिध काढत बसू नका. 'मेगची आई तुला कशी वाटली?' एवढंच विचारा. उत्तर ऐकायची मात्र तयारी ठेवा हं!