धूर, गरम पाव आणि अस्वलाचं कातडं

स्पेनमध्ये घरावर ‘से बेंदे’ अशी पाटी दिसली की समजायचं, घर विकायला काढलंय. शब्दशः अर्थ मात्र ‘विकलं जातं’. इंग्रजीत तिथे ‘फॉर सेल’. हातोहात खपणारा माल स्पेनमध्ये ‘रोस्कियास’सारखा, म्हणजे गोड कड्यांसारखा जातो; लॅटिन अमेरिकेत गरम पावासारखा. इंग्रजीत ‘हॉट केक्स’. खपाची गोष्ट निघाली की सगळ्यांना भट्टीच आठवते!

‘बेंदेर ऊमो’, धूर विकणं, म्हणजे नुसत्या थापांवर गिऱ्हाईक गुंडाळणं. इंग्रजीतला ‘स्नेक ऑइल’वाला त्याचाच भाऊबंद.

खरी गंमत अस्वलाची. शिकारीआधीच अस्वलाचं कातडं विकू नये, असं स्पॅनिश म्हण बजावते. इंग्रजीत आज रुळलेली म्हण कोंबडीच्या पिल्लांची: अंडी फुटण्याआधी ती मोजू नका. आपल्याकडे बाजारात तुरी आहेतच. पण कातड्याची म्हण इंग्रजीतही होती. 18व्या शतकाच्या सुरुवातीला लंडनच्या शेअरबाजारात हाती नसलेले शेअर विकणाऱ्याला त्यावरूनच ‘बेअरस्किन जॉबर’ म्हणू लागले. पुढे कातडं गळालं, नुसतं ‘बेअर’ उरलं. दलाल स्ट्रीटवरच्या मंदीवाल्यांना ते अजून चिकटलेलं आहे.