घोडपदेवचा फलक आणि एक वेबपान

घोडपदेवच्या नाक्यानाक्यावर काळे फलक आहेत. वर मंडळाचं नाव ऑइलपेंटने कायमचं रंगवलेलं, खाली खडूने लिहायला मोकळी जागा. वार्षिक सभा, पालखीची वेळ, दहावी पास झालेल्या मुलांचं अभिनंदन, कुणाचं दुःखद निधन आणि अंत्ययात्रा किती वाजता निघणार, सगळं तिथेच कळतं. गिरण्यांचे भोंगे वाजत होते त्या काळात घाटावरच्या आणि कोकणातल्या गावांनी इथे गावकीच्या खोल्या घेतल्या. खोलीत पाळीपाळीने झोपणाऱ्या माणसाला फलक जाता-येता दिसायचा. १८ जानेवारी १९८२ला गिरणी कामगारांचा संप सुरू झाला आणि पुढे सगळंच पांगलं. न्यू हिंद मिलच्या जागेवर आता म्हाडाच्या उंच इमारती आहेत. सभासदांची मुलं कल्याण, विरार, बदलापूरला गेली. फलक अजून लिहिला जातो, पण वाचणारे त्याच्यासमोरून जात नाहीत. व्हॉट्सअॅपचा ग्रुप आहे, पण तिथे सभेची सूचना तासाभरात शुभ सकाळच्या फुलांखाली गाडली जाते.

म्हणून एका ग्रामस्थ मंडळाने ठरवलं, आपलं एक साधं वेबपान असावं. ते बाहेरून करून न घेता मंडळातल्याच चार जणांनी शिकून करावं. शिकवायला वाडीतलीच एक मुलगी, आयटीची पदवी घेऊन नोकरी करणारी, रविवारी संध्याकाळी यायची. मुलं तिला ताई म्हणत आणि काका लोक 'पोरी'. मी कोपऱ्यात खुर्ची टाकून बसत असे. मला सगळ्यांत जास्त रस होता तो फलक लिहिणाऱ्या काकांमध्ये. खडूच्या अक्षरात त्यांचा हात धरणारा आजूबाजूला कुणी नाही.

ताईने पहिल्या दिवशी व्याख्या वगैरे काही सांगितली नाही. म्हणाली, "काका, आज फलकावर जे आहे ते तसंच्या तसं नोटपॅडमध्ये उतरवा." काकांनी उतरवलं. मधोमध यावं म्हणून स्पेसबार दाबत शीर्षक सरकवलं, दोन ओळी सोडल्या, तारीख, वेळ, स्थळ एकाखाली एक लावलं. फाइल ब्राउझरमध्ये उघडली तर शीर्षक, तारीख, स्थळ, 'आपला नम्र' सगळं एकमेकांना चिकटून एकाच परिच्छेदात धावत सुटलेलं. सोडलेल्या ओळी गायब, स्पेस गायब.

"पोरी, माझं सगळं खाल्लं की यानं."

वेबपान ज्या भाषेत लिहितात त्या एचटीएमएलचा पहिला धडा हाच. तुम्ही कितीही एंटर मारा, ब्राउझर त्या सगळ्याची मिळून एक मोकळी जागा करतो. कागदावर आणि फलकावर आपण जागेने बोलतो, मधोमध लिहिलं म्हणजे शीर्षक, उजवीकडे खाली लिहिलं म्हणजे सही. वेबपानाला जागेची भाषा कळत नाही. त्याला प्रत्येक तुकडा काय आहे ते नावानिशी सांगावं लागतं. हे शीर्षक, हा परिच्छेद, ही यादी. कोनी कंसात नाव लिहून टॅग उघडायचा, मजकूर लिहायचा, तिरक्या रेघेसह तेच नाव लिहून टॅग बंद करायचा. शिकायला अर्धा तास पुरतो. अंगवळणी पडायला मात्र वेळ लागतो, कारण 'कसं दिसेल' असा विचार करायची सवय हातात मुरलेली असते.

ती सवय कुठे कुठे डोकं वर काढते ते पाहण्यासारखं होतं. एकाने 'वर्गणी त्वरित भरावी' या ओळीला एच वन हा सर्वांत मोठ्या शीर्षकाचा टॅग लावला. का, तर अक्षर मोठं यावं. ताईने विचारलं, "हे पानाचं शीर्षक आहे का?" नाही. "मग काय आहे?" सूचना. "महत्त्वाची?" हो. "मग तो परिच्छेद, आणि आतला मजकूर स्ट्राँगमध्ये." अक्षर किती मोठं, कुठल्या रंगाचं हे ठरवायला सीएसएस नावाची वेगळी सोय आहे. ती कल्पना होकोन विउम ली यांनी १९९४मध्ये मांडली आणि १९९६च्या डिसेंबरात तिची पहिली अधिकृत आवृत्ती आली. मधल्या काळात लोकांनी शीर्षकाचे टॅग अक्षर फुगवायलाच वापरले. घोडपदेवला जे घडलं ते सगळ्या जगात आधी घडून गेलेलं आहे.

मुळात ही भाषा सजावटीसाठी जन्मलीच नव्हती. जिनिव्हाजवळच्या सर्न या संशोधनसंस्थेत टिम बर्नर्स-ली यांना शास्त्रज्ञांची कागदपत्रं एकमेकांना जोडायची होती. त्यांनी १९९१मध्ये टॅगची जी पहिली यादी मांडली तिच्यात अवघे १८ टॅग होते. चित्राचा टॅग नव्हताच, तो मार्क अँड्रीसन यांनी १९९३च्या फेब्रुवारीत सुचवला. पण परिच्छेद, शीर्षकं, यादी, दुवा हे तेव्हापासून आजवर टिकून आहेत. त्या यादीतच 'अॅड्रेस' आहे, पान कुणाचं आणि संपर्क कुणाशी करायचा ते सांगणारा. काकांना तो फार आवडला. 'आपला नम्र, चिटणीस' याला स्वतःचा टॅग आहे म्हटल्यावर त्यांचा या भाषेवरचा राग बराच निवळला.

पोरांचा जीव मात्र मार्कीवर. मजकूर उजवीकडून डावीकडे सरकवणारा हा टॅग मायक्रोसॉफ्टच्या इंटरनेट एक्स्प्लोररने आणला, तसा लुकलुकणारा 'ब्लिंक' नेटस्केपने. आताच्या एचटीएमएलमध्ये दोन्ही बाद आहेत. ब्लिंक ब्राउझरांनीही सोडून दिला, मार्की अजून चालतो. 'हार्दिक अभिनंदन' सरकायला लागलं तेव्हा खोलीत टाळ्या पडल्या. ताईने तो काढायला लावला. मला विचाराल तर आठवडाभर राहू द्यायला हवा होता. शिकणाऱ्याला आपल्या हाताने काहीतरी हललेलं दिसणं फार मोलाचं असतं.

या भाषेत शिकणाऱ्याची खरी पंचाईत वेगळीच आहे. ती रागावत नाही. टॅग बंद करायचा राहिला, दोन टॅग एकमेकांत अडकले, तरी ब्राउझर काहीतरी अंदाज बांधून पान दाखवतोच. चुकीचं एचटीएमएल कसं वाचायचं याचेही नियम एचटीएमएल-५मध्ये तपशिलाने लिहिलेले आहेत. २०००च्या सुमाराला एक्सएचटीएमएल नावाची कडक शिस्त आणायचा प्रयत्न झाला. तिथे पान काटेकोर पद्धतीने वाचलं गेलं, तर एका न मिटलेल्या टॅगसाठी मजकुराऐवजी चूक झाल्याची सूचना समोर यायची. लोकांनी ती शिस्त स्वीकारली नाही. वेब एवढं पसरलं ते या ढिलाईमुळेच, हे खरं. पण आपण कुठे चुकलो हे नवशिक्याला कळत नाही. एकाने स्ट्राँग बंद केला नाही आणि तिथून खालचं सगळं पान ठळक झालं. त्याला वाटलं, लॅपटॉपच बिघडला.

मराठी लिहिणाऱ्याच्या वाट्याला याखेरीज काही खास गोष्टी येतात. इनस्क्रिप्ट कळफलकावर शिफ्टसह स्वल्पविरामाची कळ दाबली की 'ष' उमटतो आणि पूर्णविरामाची दाबली की दंड. म्हणजे इंग्रजीत कोनी कंस जिथे असतात नेमकं तिथेच. दर टॅगला कळफलक बदला, टॅग लिहा, पुन्हा मराठीत या. मराठी टायपिंग सफाईने करणाऱ्या बाई यात सगळ्यांच्या मागे पडल्या आणि इंग्रजीच टाइप करणारी पोरं पुढे गेली. ताईने त्यावर तोडगा काढला, आधी सगळे टॅग रिकामे लिहून घ्या, मग मराठीत जाऊन आतला मजकूर भरा. त्यानंतर बाईंना कुणी गाठू शकलं नाही.

पुढची गाठ अक्षरसंचाची. एका जुन्या लॅपटॉपवर नोटपॅडने फाइल जुन्या पद्धतीने जतन केली आणि सगळ्या मराठीच्या जागी प्रश्नचिन्हं आली. ती मूळ अक्षरं परत मिळत नाहीत. विंडोजच्या नोटपॅडने यूटीएफ-८ ही पद्धत आपणहून वापरायला २०१९मध्ये सुरुवात केली. दुसऱ्या एका लॅपटॉपवर फाइल बरोबर होती, पण पानाच्या माथ्यावर अक्षरसंच सांगणारा मेटा टॅग नव्हता. तिथे 'मराठी'चं भलतंच झालं. यूटीएफ-८मध्ये देवनागरीचं प्रत्येक चिन्ह तीन बाइटचं. ब्राउझरने ते तीन सुटे रोमन समजून वाचले, तर दीर्घ वेलांटीच्या जागी आधी डोक्यावर आघात घेतलेला 'ए', मग जपानी येनचं चिन्ह आणि मग युरोचं. "वर्गणी परदेशातून आली वाटतं," खजिनदार म्हणाले.

युनिकोड या सगळ्या लिप्यांच्या सामायिक अक्षरसंचाच्या आधीचा काळ आठवला की हे काहीच नाही. अजय गल्लेवाले यांनी अमेरिकेतून १९९६मध्ये 'मायबोली' सुरू केली त्या सुमाराला मराठी पान वाचायला बहुधा त्या त्या संकेतस्थळाचा फॉन्ट आधी उतरवून घ्यावा लागे. यंत्राच्या लेखी मजकूर रोमनच असायचा, फक्त रोमन अक्षराच्या घरात मराठी अक्षराचं चित्र बसवलेलं. मंडळाच्या जत्रेची जुनी पत्रकं डीटीपीवाल्याकडे अशाच फॉन्टमध्ये होती. ती चिकटवली तेव्हा इंग्रजीतला अर्थहीन पसारा आला. बाईंनी सगळी पुन्हा टाइप केली.

पानाच्या सर्वांत वरच्या टॅगमध्ये भाषा सांगायची जागा असते. तिथे 'एमआर' ही दोन इंग्रजी अक्षरं लिहिली की भाषा मराठी ठरते. बहुतेक शिकवण्यांमध्ये ही ओळ 'लिहून टाका' म्हणून उरकतात. ताई तिथे थांबली. तिने नोटो सान्स देवनागरी फॉन्ट लावून तीच ओळ आधी हिंदी म्हणून आणि मग मराठी म्हणून दाखवली. मजकूर एकच, पण 'ल' आणि 'श' बदलले. पाकळीचा ल आणि देठाचा श, महाराष्ट्र शासनाने २००९च्या निर्णयात मराठीसाठी ठरवलेले, काकांच्या खडूतून रोज उतरणारे. सगळे फॉन्ट हे करत नाहीत, पण जे करतात त्यांना भाषा सांगितल्याशिवाय करता येत नाही. पान वाचून दाखवणारी सॉफ्टवेअर अंध वाचकांसाठी असतात, तीही आवाज कुठल्या भाषेचा लावायचा ते इथूनच ठरवतात. काका पडद्याजवळ जाऊन दोन्ही 'श' बराच वेळ पाहत राहिले. मग म्हणाले, "हे आधी सांगायचंस ना."

रंगरूपात शिरल्यावर असंच आणखी एक निघालं. इंग्रजी पानांवर शीर्षक ऐसपैस दिसावं म्हणून अक्षरांमध्ये अंतर टाकतात. मराठीत ते टाकलं की शिरोरेघ तुटते आणि शब्द दात पडल्यासारखा दिसतो. ओळींमधलं अंतर कमी ठेवलं तर वरच्या ओळीचे उकार खालच्या ओळीच्या मात्रांत घुसतात. उलट यादीचे आकडे आपोआप देवनागरीत आणायची सोय सीएसएसमध्ये तयार आहे, फक्त तिचं नाव माहीत हवं.

शेवटचं काम वर्गणीच्या तक्त्याचं. अनुक्रमांक, नाव, मागील बाकी, जमा असे चार रकाने. इथे वाद झाला. बाकीदारांची नावं फलकावर लिहायची मंडळाची जुनी रीत, मग इथे का नको, हा खजिनदारांचा सवाल. ताईचं म्हणणं, फलक पुसता येतो. वेबवरचं पान शोधयंत्रं उचलून ठेवतात, इंटरनेट आर्काइव्हसारखी संस्था तर १९९६पासून हेच करते आहे. एखाद्याने पुढच्या महिन्यात बाकी भरली तरी त्याचं नाव तिथे राहील. मी ताईच्या बाजूने होतो, पण मला कुणी विचारलं नाही. काकांनी निकाल दिला, रकाना काढा.

काढायला बसल्यावर कळलं की एचटीएमएलच्या तक्त्यात रकाना असा एका जागी सापडतच नाही. तक्ता ओळीओळीने लिहिलेला असतो, म्हणून दर ओळीतला तिसरा कप्पा वेगळा शोधून उडवावा लागतो. दोघे मिळून ओळ धरून खाली गेले, एकाने वाचायचं आणि दुसऱ्याने काढायचं. पान ताजं केलं तर 'एकूण'ची रक्कम तक्त्याच्या उजव्या कडेबाहेर लोंबत होती. 'एकूण' हा शब्द तीन कप्प्यांवर पसरलेला होता आणि आता त्याच्या वर दोनच उरले होते. किती कप्प्यांवर पसरायचं ते सांगणाऱ्या कोलस्पॅनमधला तीनाचा आकडा दोन केला. रक्कम 'जमा'खाली आली, आणि खजिनदारांनी लगेच सांगितलं की पाचव्या नावापुढे पन्नास रुपये कमी धरले आहेत.