तांबडी शैवले, अगर आणि परळची प्रयोगशाळा

जंतुशास्त्राच्या प्रयोगशाळेत काचेच्या बशीत जो अर्धपारदर्शक, घट्ट थर पसरलेला असतो, त्याचा उगम समुद्रात आहे ही गोष्ट विद्यार्थ्यास माहीत असते. गिरगाव वा लालबाग येथील वाण्याच्या दुकानात 'चायना ग्रास' म्हणून जे मिळते तेही हेच द्रव्य होय. परंतु त्याचे गुणधर्म ज्या वनस्पतींच्या जीवनक्रमातून निर्माण झाले, त्या तांबड्या शैवलांकडे पुरेसे लक्ष दिले जात नाही. प्रस्तुत लेखात त्या जीवनक्रमाचा, आणि मुंबईच्या वैद्यकीय इतिहासाशी त्याचा जो संबंध आला त्याचा, थोडक्यात परामर्श घ्यावयाचा आहे.

तांबड्या शैवलांच्या सात हजारांहून अधिक जाती ज्ञात असून त्यांपैकी बहुतेक सागरी आहेत. त्यांच्या कोशिकांत हरितद्रव्याखेरीज फायकोएरिथ्रिन हे तांबडे रंगद्रव्य असते. समुद्राचे पाणी तांबडा प्रकाश लवकर शोषून घेते. खोलवर पोहोचतो तो मुख्यतः निळा-हिरवा प्रकाश. फायकोएरिथ्रिन यातील हिरवा प्रकाश ग्रहण करून ती ऊर्जा हरितद्रव्याकडे पोहोचविते. बहामा बेटांजवळ १९८४ साली २६८ मीटर खोलीवर खडकाला चिकटून वाढणारे एक तांबडे शैवल आढळले. तथापि खोलीवरील वास्तव्याचे कारण केवळ रंग हेच आहे असे मात्र समजू नये. हिरव्या शैवलांच्या काही जातीही बऱ्याच खोलीवर वाढतात.

या वर्गाचे दुसरे वैशिष्ट्य म्हणजे कशाभिकांचा पूर्ण अभाव. यांची पुं-गंतुके पोहू शकत नाहीत. ती पाण्याच्या प्रवाहावर अवलंबून असतात. साहजिकच फलनाची संधी दुर्मिळ ठरते. म्हणून एका फलनातून होणारा लाभ अनेक पटींनी वाढविण्याची व्यवस्था यांच्यात दिसते. फलित अंडकोशिकेपासून मातृवनस्पतीवरच एक लहान पिढी उत्पन्न होते, ती असंख्य फलबीजुके सोडते, त्यांपासून स्वतंत्र वनस्पती वाढतात आणि त्या पुन्हा चतुर्बीजुके निर्माण करतात. अशा रीतीने बहुसंख्य तांबड्या शैवलांत तीन पिढ्यांचे चक्र पूर्ण होते. ग्रॅसिलेरियाच्या एका जातीत इडोटिया नावाचा लहान कवचधारी प्राणी अंगाला चिकटलेली पुं-गंतुके वाहून नेतो व फलनास साहाय्य करतो, असे फ्रान्समधील संशोधकांनी २०२२ साली दाखवून दिले. परागणाशी या क्रियेचे साम्य उघड आहे.

आता कोशिकाभित्तीकडे वळू. भरतीच्या लाटांचा मारा आणि ओहोटीचे ऊन या दोन्हींना तोंड देणाऱ्या वनस्पतीस लवचिकपणा हवा, तसेच पाणी धरून ठेवण्याची शक्तीही हवी. तांबड्या शैवलांत सेल्युलोजाच्या तंतूंभोवती गॅलॅक्टोज शर्करेच्या लांब साखळ्यांचा जो श्लेष्मल भाग असतो तो हे कार्य करतो. जेलिडियम, जेलिडिएला व ग्रॅसिलेरिया यांत तो अगर या रूपात असतो; हिप्निया व कॅपाफायकस यांत कॅरागीनन या रूपात. साखळीवर सल्फेट गट जितके अधिक, तितका अगर कमी घट्ट होतो. म्हणूनच ग्रॅसिलेरियापासून चांगला अगर काढण्यापूर्वी त्यावर अल्कलीची प्रक्रिया करावी लागते.

अगर सुमारे ८५ अंश सेल्सियसला वितळतो, पण थंड होताना चाळीस अंशांच्या खाली आल्यावरच गोठतो. शिवाय फारच थोडे जंतू त्याचे पचन करू शकतात. याउलट जिलेटीन तीस अंशांच्या आतच वितळते. मुंबईच्या वैशाखात त्याची काय अवस्था होईल हे सांगावयास नको. कॉख यांच्या प्रयोगशाळेत काम करणारे वाल्टर हेस यांना त्यांच्या पत्नी फॅनी यांनी जिलेटिनाऐवजी अगर वापरण्याची सूचना केली, ती या गुणांमुळेच. १८८२ साली कॉख यांनी क्षयजंतूवरील आपल्या निबंधात या माध्यमाचा उल्लेख केला.

परळ येथील जुन्या राजभवनात १८९९ साली हाफकिन यांची प्लेग प्रयोगशाळा सुरू झाली. (तीच १९२५ पासून हाफकिन संस्था या नावाने ओळखली जाते.) त्यांची प्लेगची लस प्रथम मांसाच्या रश्शात जंतू वाढवून तयार होत असे, त्यास कित्येक आठवडे लागत. पंजाबातून लसीची मागणी वाढली तेव्हा अगराच्या पृष्ठभागावर जंतू वाढवून ते पाण्यात मिसळण्याची, आणि कार्बॉलिक आम्ल वगळून उष्णतेने लस निर्जंतुक करण्याची त्वरित पद्धत स्वीकारण्यात आली. ३० ऑक्टोबर १९०२ रोजी मुल्कोवाल या गावी एकाच बाटलीतून लस टोचलेली १९ माणसे धनुर्वाताने मृत्यू पावली. दोष नव्या पद्धतीवर आला व हाफकिन यांना पद सोडावे लागले. पुढे बाटली उघडताना खाली पडलेला चिमटा नीट निर्जंतुक न करता वापरला गेल्याचे पुढे आले, आणि रोनाल्ड रॉस प्रभृती शास्त्रज्ञांनी १९०७ साली जाहीरपणे हाफकिन यांची बाजू मांडल्यावर त्यांची दोषमुक्तता झाली. माध्यमाची निवड व ते हाताळण्यातील शिस्त हे दोन वेगळे प्रश्न आहेत, हा या प्रकरणाचा बोध होय.

अगराच्या पुरवठ्याचा प्रश्न अद्याप सुटलेला नाही. दुसऱ्या महायुद्धात जपानी अगर बंद झाला तेव्हा अनेक देशांना स्वतःच्या किनाऱ्यांचा शोध घ्यावा लागला. मोरोक्कोने जेलिडियमच्या कापणीवर व निर्यातीवर मर्यादा घातल्याने २०१५ साली जगभरच्या प्रयोगशाळांना टंचाई जाणवली. लागवड हा उपाय खरा, पण तोही निर्धोक नाही: मन्नारच्या आखातात लागवडीतून सुटलेले कॅपाफायकस कुरुसडाई बेटाजवळील प्रवाळांवर पसरल्याची नोंद २००८ साली झाली.

लागवडीस जीवनक्रमाचे ज्ञान किती आवश्यक असते, याचे उत्तम उदाहरण पॉर्फायराचे आहे. शिंपल्यांत वाढणारे 'कॉन्कोसेलिस' हे निराळे शैवल नसून पॉर्फायराचीच एक अवस्था आहे, असे कॅथलीन ड्रू-बेकर यांनी १९४९ साली सिद्ध केले. तोवर बीजुकांसाठी निसर्गावर विसंबणाऱ्या जपानी शेतकऱ्यांना या शोधामुळे नोरीची निश्चित लागवड करता आली. याच गणातील पॉर्फायरा व्हिएतनामेन्सिस कोकण-गोव्याच्या खडकांवर पावसाळ्यात उगवते. डेन्मार्कचे ब्योर्गेसेन यांनी मुंबई इलाख्याच्या किनाऱ्यावरील तांबड्या शैवलांवरील आपली निबंधमाला १९३० नंतरच्या काही वर्षांत प्रसिद्ध केली. त्या याद्यांतील जाती आज कोठे टिकून आहेत, त्यांच्या पिढ्या कोणत्या ऋतूत दिसतात, त्यांच्यातील अगराची प्रत ऋतुमानाप्रमाणे कशी बदलते, हे प्रश्न पदव्युत्तर विद्यार्थ्यांच्या आवाक्यातील आहेत. त्यासाठी लागणारी पहिली सामग्री म्हणजे ओहोटीचे वेळापत्रक आणि वर्षभर त्याच खडकाकडे परत जाण्याची चिकाटी.